ओळखपत्रावरचा चेहरा

एका कार्यशाळेच्या निमित्ताने आम्ही दोघे-तिघे एका शाळेत गेलो होतो. मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गात नवी ओळखपत्रे वाटली जात होती. एका मुलीने ओळखपत्र गळ्यात घातले, पण छायाचित्राची बाजू आत वळवून. तिच्या बाईंनी ते ओळखपत्र आम्हाला दाखवले. मागे पांढरीशुभ्र भिंत आणि पुढे एक काळपट आकार. डोळे कुठे, नाक कुठे हे नीट कळत नव्हते. छायाचित्रकाराने तिला आधीच बजावले होते, "पावडर लावून ये." ती लावूनही आली होती. आता ती बाईंना विचारत होती, "बाई, परत काढणार असतील तर अजून जास्त लावून येऊ का?"

बाईंनी आम्हाला सरळ प्रश्न केला. "हा दोष हिच्या रंगाचा, की कॅमेऱ्याचा?"

प्रश्न महत्त्वाचा होता. घाईने उत्तर दिले असते तर "कॅमेऱ्याचा" म्हणून मोकळे झालो असतो. पण तेही पुरते खरे नाही. छायाचित्र काढणारा माणूस प्रत्येक वेळी काही निवडी करत असतो. दिवा केवढा, किती दूर, कोणत्या बाजूला, भिंगाचे छिद्र किती उघडे, फोकस कशावर, या त्या निवडी. त्यांतली प्रत्येक निवड आठवी ते दहावीच्या विज्ञानात शिकवल्या जाणाऱ्या कोणत्या ना कोणत्या नियमावर उभी आहे. तो नियम माहीत असो वा नसो, परिणाम व्हायचा तो होतोच. म्हणून त्या मुलीच्या छायाचित्राचे निमित्त करून आपण हे नियम क्रमाने पाहू.

दिवा केवढा?

सावलीचा प्रयोग आपण वर्गात करतोच. उगम लहान असेल तर सावलीची कडा रेखीव पडते. उगम मोठा असेल तर गडद प्रच्छायेभोवती फिकट उपच्छायेचा पट्टा दिसतो. या पट्ट्याची रुंदी काढणे सोपे आहे. उगमाच्या रुंदीला अडथळा आणि पडदा यांमधील अंतराने गुणायचे आणि उगम व अडथळा यांमधील अंतराने भागायचे.

आता अडथळा म्हणजे नाक आणि पडदा म्हणजे गाल. दोहोंमधले अंतर अडीच सेंटिमीटर धरू. ६ सेंटिमीटर व्यासाचा बल्ब चेहऱ्यापासून १ मीटरवर असेल, तर उपच्छायेची रुंदी ६ × २.५ ÷ १०० म्हणजे अवघी दीड मिलिमीटर होते. गालावर नाकाची सावली कात्रीने कापल्यासारखी पडेल. त्याच जागी १ मीटर रुंदीची खिडकी असेल तर उपच्छाया अडीच सेंटिमीटरांची होते. म्हणजे उजेडातून सावलीत जाणारा उतार साऱ्या गालावर पसरतो. सावली आहे, पण तिची कडा कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येत नाही. छायाचित्रकार पहिल्या उजेडाला कडक आणि दुसऱ्याला मऊ म्हणतात.

सूर्य तर केवढा मोठा! त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे. तरी दुपारच्या उन्हातली सावली अतिशय कडक असते. कारण इथे महत्त्व प्रत्यक्ष आकाराला नाही, उगम डोळ्याशी केवढा कोन करतो याला आहे. सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा कोन करतो. त्यामुळे नाकाच्या सावलीची उपच्छाया पाव मिलिमीटरही भरत नाही. आभाळ आले की तोच प्रकाश ढगांतून विखुरतो, सारे आकाश हाच उगम होतो आणि सावल्या विरघळतात.

स्टुडिओत पांढरी छत्री किंवा पांढऱ्या कापडाची पेटी वापरतात ती याचसाठी. मात्र एक चूक नेहमी होते. बल्बला अगदी चिकटून पातळ कागद लावला तर उजेड कमी होतो, मऊ होत नाही, कारण उगमाचा आकार तेवढाच राहतो. कागद बल्बपासून हातभर दूर धरला आणि तो सगळा उजळला, तरच उगम मोठा झाला असे म्हणता येईल. ६० सेंटिमीटरची छत्री १ मीटरवर असेल तर सुमारे ३३ अंशांचा कोन करते, ४ मीटरवर नेली तर साडेआठ अंशांचा. दिवा दूर नेला की तो कडक होतो, जवळ आणला की मऊ. पहिल्यांदा ऐकताना हे उलटे वाटते. वर्गात एक अंडे, एक टेबल-लॅम्प आणि एक पातळ पांढरा कागद घेऊन हे पाच मिनिटांत दाखवता येते.

दिवा किती दूर?

बिंदूसारख्या उगमापासून मिळणाऱ्या प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाई होते. हा नियम आपण पाठ करतो, पण चेहऱ्यावर तो काय करतो ते पाहू.

दिवा एका बाजूला, जवळच्या गालापासून ५० सेंटिमीटरवर आहे असे समजा. पलीकडचा कान त्याहून १५ सेंटिमीटर दूर, म्हणजे ६५ सेंटिमीटरवर. तिथे ५० भागिले ६५ याचा वर्ग, म्हणजे सुमारे ५९ टक्के प्रकाश पोचेल. चेहऱ्याच्या दोन बाजूंत ठळक फरक दिसेल. हाच दिवा २ मीटरवर नेला तर पलीकडच्या कानाला ८७ टक्के प्रकाश मिळतो आणि चेहरा एकसारखा उजळतो.

भिंतीचेही तसेच. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि भिंत चेहऱ्याच्या मागे आणखी १ मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या चौथाई प्रकाश मिळेल. पांढरी भिंतही छायाचित्रात राखाडी दिसेल. दिवा ३ मीटरवर नेला तर भिंतीला ९ भागिले १६, म्हणजे ५६ टक्के प्रकाश मिळेल. भिंतीचा रंग न बदलता तिचा उजळपणा असा कमी-जास्त करता येतो. हा मुद्दा लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

दिवा कोणत्या बाजूला?

अंधारात हनुवटीखाली टॉर्च धरून मुले एकमेकांना घाबरवतात. चेहरा तोच, तरी भीती वाटते. आपल्या डोळ्यांना आणि मेंदूला उजेड वरून येतो हे गृहीत धरायची सवय आहे. चंद्रावरच्या विवरांचे चित्र उलटे धरले की खड्डे उंचवट्यांसारखे दिसू लागतात, त्याचेही कारण हेच. चेहरा ओळखीचा दिसावा यासाठी मुख्य दिवा डोळ्यांच्या पातळीच्या वर आणि थोडा बाजूला ठेवतात.

दिवा कॅमेऱ्यालाच चिकटून असेल, जसा मोबाइलचा किंवा साध्या कॅमेऱ्याचा फ्लॅश, तर सावल्या चेहऱ्याच्या मागे लपतात. नाक, गालाचे हाड, ओठ यांचा उठाव आपल्याला सावल्यांमुळेच कळतो. सावल्या गेल्या की चेहरा सपाट होतो. दिवा साधारण ४५ अंश बाजूला आणि तेवढाच वर नेला की उठाव येतो. आणखी बाजूला नेला, तर नाकाची सावली पलीकडच्या गालावरील सावलीला मिळते आणि त्या डोळ्याखाली उजेडाचा एक लहान त्रिकोण उरतो. डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–१६६९) याच्या व्यक्तिचित्रांत असा उजेड दिसतो, म्हणून छायाचित्रकार या रचनेला त्याचेच नाव देतात.

सावलीची बाजू फारच काळी वाटली तर दुसरा दिवा लागतोच असे नाही. त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरा. त्यावरून होणाऱ्या अनियमित परावर्तनाने सावली उजळते. तक्ता जवळ आणला की जास्त, दूर नेला की कमी.

दिवा कुठे होता हे छायाचित्र पाहून ओळखताही येते. डोळ्याचे पारपटल हा एक छोटा बहिर्वक्र आरसा आहे. त्याची वक्रता त्रिज्या सुमारे ८ मिलिमीटर, म्हणून नाभीय अंतर सुमारे ४ मिलिमीटर. १ मीटर अंतरावरच्या १ मीटर रुंद खिडकीची प्रतिमा त्यात सुमारे ४ मिलिमीटरांची पडते, आणि बल्बची पाव मिलिमीटरांची. डोळ्यात दिसणारी ती चमक म्हणजे उगमाचे छोटेसे चित्रच. मासिकांतील व्यक्तिचित्रे भिंगाखाली धरून चमक चौकोनी आहे की गोल, डावीकडे आहे की उजवीकडे, हे मुलांना शोधायला सांगा. बहिर्वक्र आरशाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

फोकस कशावर?

भिंगामुळे एका ठरावीक अंतरावरच्या बिंदूंचीच प्रतिमा पडद्यावर बिंदू म्हणून उमटते. त्याहून जवळच्या बिंदूंपासून आलेले किरण पडद्याच्या मागे एकत्र येऊ पाहतात, दूरच्या बिंदूंचे पडद्याच्या पुढेच एकत्र येतात. दोन्ही वेळा पडद्यावर बिंदूऐवजी लहानशी चकती पडते. चकती पुरेशी लहान असेल तर डोळ्याला ती बिंदूच वाटते. म्हणून फोकसच्या पुढे-मागे काही अंतरापर्यंतचे सारे रेखीव दिसते. या पट्ट्याला आपण फोकसची खोली म्हणू.

भिंगाचे छिद्र लहान केले की किरणांचा शंकू निमुळता होतो, चकत्या लहान होतात आणि खोली वाढते. साध्या बहिर्वक्र भिंगाने समोरच्या भिंतीवर खिडकीची प्रतिमा पाडा. मग भिंगाला सेंटिमीटरभर भोकाचा काळा पुठ्ठा लावा. प्रतिमा मंद होईल, पण आता भिंग थोडे पुढे-मागे झाले तरी ती लगेच पुसट होणार नाही.

छिद्राचे माप एफ-क्रमांकाने सांगतात. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो. म्हणून अंक मोठा तितके छिद्र लहान. व्यक्तिचित्रासाठी ८५ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग पुष्कळ जण वापरतात. ३६ × २४ मिलिमीटरच्या चौकटीत, दीड मीटरवरच्या चेहऱ्यासाठी हिशेब केला तर एफ/१.८ ला फोकसची खोली सव्वातीन सेंटिमीटर येते. एफ/८ ला ती सुमारे १५ सेंटिमीटर होते. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतचे अंतर साधारण १० ते १२ सेंटिमीटर. म्हणजे एफ/८ ला जवळजवळ सगळा चेहरा रेखीव, आणि एफ/१.८ ला डोळा रेखीव असेल तर नाकाचे टोक व कान दोन्ही पुसट.

पण खोली फुकट मिळत नाही. एफ/१.८ वरून एफ/८ वर जाताना प्रकाश सुमारे वीसपट घटतो. शटर १/१०० सेकंद उघडत असेल तर आता १/५ सेकंद उघडे ठेवावे लागेल, आणि तेवढ्यात मूल हलणारच. नाही तर दिव्याचा उजेड वीसपट वाढवावा लागेल. उजेड आणि फोकस ही अशी एकाच हिशेबाची दोन कलमे आहेत. छायाचित्रणाच्या आरंभी, १८३९ मध्ये, डागेरच्या पद्धतीने चित्र घ्यायला काही मिनिटे लागत. बसलेल्या माणसाचे डोके मागून लोखंडी आधाराने स्थिर करत. व्हिएन्नातील गणिती जोसेफ पेट्झवाल याने १८४० मध्ये खास व्यक्तिचित्रांसाठी गणिताने आखलेले भिंग दिले. त्याचा एफ-क्रमांक सुमारे ३.६ होता. आधीच्या भिंगांपेक्षा ते कितीतरी पट जास्त प्रकाश घेई, त्यामुळे लागणारा वेळ खूपच कमी झाला.

खोली कमी असेल तेव्हा फोकस कशावर करायचा? सर्वसाधारण रीत अशी, की कॅमेऱ्याच्या जवळचा जो डोळा त्यावर. कोणाचाही चेहरा पाहताना आपली नजर प्रथम डोळ्यांकडे जाते. कान पुसट असला तर कोणी तक्रार करत नाही. डोळा पुसट असला तर चित्र चुकलेच असे वाटते. ही रीत आहे, निसर्गनियम नव्हे. कलकत्त्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर कॅमेरा हाती घेतला आणि जाणूनबुजून मृदू फोकसची व्यक्तिचित्रे काढली. त्यांच्यावर तेव्हा टीका झाली, आज ती चित्रे संग्रहालयांत आहेत.

मोबाइलच्या भिंगाचे नाभीय अंतर काही मिलिमीटरच असते, त्यामुळे त्याच्या फोकसची खोली मुळात फार मोठी असते. त्यातील 'पोर्ट्रेट'ची पुसट पार्श्वभूमी भिंगाने नव्हे, आकडेमोडीने तयार केलेली असते. म्हणून विस्कटलेल्या केसांच्या कडांशी ती चुकताना दिसते.

आणखी एक छोटा मुद्दा अंतराचा. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४२ सेंटिमीटरवर येतात. कानाच्या तुलनेत नाक १.४ पट मोठे दिसते. दीड मीटरवर हेच प्रमाण १.०८ होते. हातभर अंतरावरून काढलेल्या छायाचित्रात नाक मोठे दिसते, ते भिंगामुळे नव्हे, अंतरामुळे.

प्रकाशमापकाचे गृहीतक

आता त्या मुलीच्या ओळखपत्राकडे येऊ. समोरचे दृश्य पांढरे आहे की काळे, हे कॅमेऱ्यातील साध्या प्रकाशमापकाला माहीत नसते. समोरची सरासरी मधल्या राखाडी रंगाची आहे, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवते, असे तो धरून चालतो. पांढरी भिंत ८० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवते. चौकट भिंतीने भरली की मापकाला वाटते उजेड फार झाला, आणि तो सगळ्यालाच चौपटीहून अधिक काळे करतो. भिंत थोडी राखाडी होते, ते कोणाच्या लक्षात येत नाही. गोरा चेहरा त्यातून निभावतो. सावळा चेहरा मुळातच कमी प्रकाश परत पाठवतो, तो तपशिलासकट बुडतो. उलट फळ्यापुढे उभे केले तर हाच मापक सगळे उजळ करील आणि गोरे चेहरे पांढरेफटक पडतील.

हे गृहीतक एकट्या मापकापुरते नव्हते. रंगीत छायाचित्रे छापताना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे नमुनाचित्र पुरवत असे. १९५० च्या दशकापासून चालत आलेले हे चित्र 'शर्ली कार्ड' म्हणून ओळखले जाई. त्या चित्रातली त्वचा बरोबर आली म्हणजे सारे बरोबर! वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड १९९० च्या दशकात आले. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये हा इतिहास तपशिलाने मांडला. फिल्म गेली, तरी गृहीतके उरतात. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यापारी संगणक-प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका जास्तीत जास्त ०.८ टक्के होत्या, गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

आणि पावडर? तिच्या मागेही भौतिकशास्त्र आहे. त्वचेवर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग आत शिरून, विखुरून, रंग घेऊन बाहेर येतो. गडद त्वचेत तो जास्त शोषला जातो. पण अगदी वरच्या पृष्ठभागावरून होणारे ३ ते ५ टक्के नियमित परावर्तन रंगावर अवलंबून नसते, ते सर्वांचे सारखेच. गडद त्वचेवर आतून येणारा प्रकाश कमी, म्हणून ही पृष्ठभागावरची चमक जास्त उठून दिसते. लहान कडक दिव्याने तिचे ठिपके पडतात. मोठ्या उगमाने तीच चमक कपाळ, गाल, नाक यांवर रुंद पसरते आणि चेहऱ्याची घडण दाखवते. पावडर त्वचा उजळ तर करत नाहीच, उलट घडण दाखवणारी ही चमकच पुसून टाकते.

व्हरांड्यातला स्टुडिओ

दुपारी आम्ही शाळेच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात खुर्ची मांडली. जुन्या स्टुडिओंना उत्तरेकडे काचेच्या मोठ्या खिडक्या असत, कारण उत्तर गोलार्धात त्या बाजूने सहसा थेट ऊन येत नाही. महाराष्ट्रात मात्र हे बारा महिने खरे नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत, म्हणजे दोन शून्य सावली दिवसांच्या दरम्यान, भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. आम्ही गेलो ते जानेवारीत, त्यामुळे अडचण नव्हती.

मोकळ्या बाजूपासून मीटरभर आत मुलीला तिरके बसवले. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तक्ता धरायला दोन मुले होती. मागे, अंतर राखून, राखाडी चादर टांगली. पहिला प्रयत्न आमच्याकडूनच फसला. हौसेने छिद्र पूर्ण उघडे ठेवले होते. डोळ्यावर फोकस केला, तेवढ्यात ती हसून थोडी पुढे झुकली आणि फोकस कानातल्या डुलावर गेला. मग एफ/५.६ वर आलो आणि मापन चौकटीचे न करता फक्त चेहऱ्याचे केले. मोबाइलवरही हे जमते. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावायचे आणि शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह हवे तेवढे वर सरकवायचे. पांढरी पार्श्वभूमीच हवी असेल तर विद्यार्थ्याला भिंतीपासून दूर आणि उजेडाच्या जवळ बसवा. व्यस्त वर्गाचा नियम भिंतीला आपोआप आवरतो.

या वेळी डोळे दिसत होते. डाव्या भुवईवरचा लहानपणीचा व्रणही दिसत होता. मुलीने चित्र बराच वेळ पाहिले आणि बाईंना विचारले, "म्हणजे पावडरीचा काही संबंधच नव्हता?"

नव्हता. पण हे तिला सांगणारा माणूस शाळेत असायला हवा होता. ओळखपत्रांची छायाचित्रे दर वर्षी निघतात. पुढच्या खेपेला छायाचित्रकार येण्याआधी अंडे, टेबल-लॅम्प आणि थर्माकोल घेऊन हा पाठ वर्गात घ्या. छायाचित्रे काढली जात असताना तक्ता धरायला मुलांनाच उभे करा. आणि एकाही मुलाला चेहरा बदलून यायला सांगू नका. बदलायचा असतो तो दिवा.